रॉकर शाफ्ट बसवायच्या आधी काय काय तयार ठेवायचं (मारुती ओम्नी आणि ८००)

इंजिनचं हेड लेथवरून आलंय, व्हॉल्व घासून झालेत, आता दोन रॉकर शाफ्ट (व्हॉल्व दाबणारे रॉकर ज्यावर हलतात त्या दांड्या) सरकवले की झालं असं वाटत असेल तर थांबा जरा, कारण बसवायला अर्धा तास लागतो पण तयारीत अख्खी सकाळ जाते. आणि सोलापुरात एप्रिल लागला की सकाळ तेवढीच आपली, अकरानंतर पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही.

सगळ्यात आधी पुसायचं कापड बघा. हसू नका. आपल्याकडं टॉवेलच्या कारखान्यातलं कटिंग किलोवर मिळतं, त्यामुळं गॅरेजात तेच पोतं पडलेलं असतं, मीपण पहिल्या वेळी त्यानंच शाफ्ट चकाचक पुसला होता. आठ दिवसात टॅपेट (रॉकरच्या टोकाचे स्क्रू, व्हॉल्वची फट त्यांनीच लावतात) टकटक वाजायला लागले, कव्हर उघडलं तर एका रॉकरखालच्या तेलाच्या भोकात सुताचा बारीक गोळा, आणि तिथला शाफ्ट कोरडा पडून ओरखडलेला. जुनं बनियन घ्या, टॉवेल लांब ठेवा.

शाफ्ट म्हणजे पोकळ नळीच, हेडमधून तेल आत शिरतं आणि भोकाभोकातून एकेका रॉकरला जातं. म्हणून कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे), क्लच केबलची एक सुटी तार आणि हवा मारायची सोय हाताशी पाहिजे. प्रत्येक भोकातून तार घालायची, हवा मारायची, मग उजेडाकडं धरून बघायचं. नंतर रॉकर बसतो त्या जागेवर खालच्या बाजूनं नख फिरवा, झीज तिथंच होते कारण कॅम (रॉकर हलवणारा उंचवट्यांचा दांडा) आणि व्हॉल्वची स्प्रिंग दोघं मिळून रॉकरला वर ढकलत असतात. नख अडकलं तर शाफ्ट नवीन. काहीजण शाफ्ट अर्धा फिरवून चांगली बाजू खाली घेतात, पैसे वाचतात पण तेलाच्या भोकांची दिशा बदलते, मी तरी करत नाही.

दोन शाफ्ट एकसारखे दिसतात, एकसारखे नसतात. टोकाच्या पायरीचं (टोक बारीक होतं तो भाग) माप वेगळं असतं, म्हणून काढतानाच इनटेकचा कुठला, एक्झॉस्टचा कुठला, पायरी पुलीकडं होती का दुसरीकडं, हे पेंटनं खूण करून मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तसं केलं नसेल तर मॅन्युअलचं ते पान उघडा, अंदाजानं घालू नका. रॉकर सहा, तीन सिलिंडरला दोन दोन, जुनेच वापरणार असाल तर ज्याचा त्याच्या जागी, आणि स्प्रिंगापण त्यांच्याबरोबरच. अंड्याचा ट्रे भारी पडतो याला.

आता विसरतात ती गोष्ट. सहाही टॅपेट स्क्रू आधीच पूर्ण ढिले करून ठेवायचे, नाहीतर कॅमचा उंचवटा रॉकरला रेटतो, शाफ्ट तिरका अडकतो आणि हात आपोआप हातोडीकडं जातो. तेल लावलेला शाफ्ट हातानं फिरवत फिरवत जायला पाहिजे, नाही गेला तर बाहेर काढून परत बघा. शाफ्टचे स्क्रू बारीक आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळं आटे साफ करून छोटा टॉर्क पानाच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) वापरा, लांब दांड्याच्या पान्यानं आटा कधी गेला कळतसुद्धा नाही.

जुन्या इंजिनची ॲम्बेसेडर असेल तर प्रकरण वेगळं. तिथं शाफ्ट वरून पेडेस्टलवर (उभ्या आधारांवर) बसतो आणि त्यातले काही नट हेडचेच असतात, ते सोडले की हेडची पकड ढिली होते, म्हणजे नुसता रॉकर काढायचा म्हटलं तरी आधी रेडिएटरचं पाणी काढा.

बाकी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), नवीन कव्हर पॅकिंग आणि ऑइलकॅन. टॅपेट इंजिन थंड असताना १-३-२ या सिलिंडर पेटायच्या क्रमानं लावायचे, रॉकरवर तेल ओतायचं, मग प्लग काढून, कॉइलची वायर सोडून, कव्हर न लावताच सेल्फ मारायचा आणि सहाही रॉकरपाशी तेल पाझरतंय का बघायचं. एकजरी कोरडा दिसला तर कव्हर लावायचं नाही.