स्प्रिंग बूट सुरूच होत नाही? लॉग तळातून वाचा

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरचं अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना कोसळलं की स्क्रीनभर लाल ओळी येतात आणि आपण पहिल्याच ओळीवर अडकतो. तिथे 'अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सी' असं दिसतं, पण ते बहुतेकदा फक्त लक्षण असतं. एक बीन (स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं ते ऑब्जेक्ट) बनलं नाही म्हणून दुसरं अडलं, दुसऱ्यामुळे तिसरं. खरं कारण साखळीच्या शेवटी, सगळ्यात खालच्या 'कॉज्ड बाय'मध्ये सापडतं. आधी तेच वाचा.

तिथे 'नो सच बीन डेफिनिशन', म्हणजे हवं ते बीन सापडलंच नाही, असं असेल, तर मुख्य क्लास कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते बघा. स्प्रिंग बूट बीन त्या पॅकेजपासून खालीच शोधतं. शेजारच्या पॅकेजमधल्या क्लासवर सर्व्हिसचं अ‍ॅनोटेशन अगदी बरोबर असलं, तरी तो स्प्रिंग बूटला दिसतच नाही. माझ्या अनुभवात अर्धी डोकेदुखी इथेच संपते.

दोन बीन एकमेकांवर अवलंबून असतील, तर आवृत्ती २.६ पासून अ‍ॅप्लिकेशन थेट थांबतं. आधी हे बऱ्याचदा खपून जायचं. सेटिंग बदलून जुनी सवलत परत मिळवता येते, पण कृपया तसं करू नका. दोघांना लागणारं काम तिसऱ्या क्लासमध्ये काढा.

ऑटो-कॉन्फिगरेशनचा, म्हणजे स्प्रिंग बूट आपणहून करतं त्या जुळणीचा, संशय असेल, तर '--डीबग' हा पर्याय (अर्थात रोमन अक्षरांत) देऊन चालवा. कोणतं कॉन्फिगरेशन लागू झालं, कोणतं वगळलं आणि का, याचा पूर्ण अहवाल मिळतो.

आणि हो, ऑटोवायर्ड फील्ड (ज्यात स्प्रिंग स्वतः बीन भरतं) त्याच क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये वापरू नका. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा ते नलच, म्हणजे रिकामंच, असतं.