ग्रिडमध्ये व्हर्च्युअल मशिने जोडण्यापूर्वी

गेल्या खेपेस सर्व्हर रूममध्ये विजेचे काम निघाले म्हणून मी ग्रिडला (अनेक ठिकाणचे संगणक जोडून कामे वाटून घेणाऱ्या जाळ्याला) जोडलेली चाळीस व्हर्च्युअल मशिने (एका संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेले स्वतंत्र संगणक) आहे त्या स्थितीत साठवून थांबवली आणि सहा दिवसांनी तिथूनच पुढे सुरू केली. कामे घेणाऱ्या मशिनांच्या यादीत, म्हणजे पूलमध्ये, ती हिरवी दिसत होती, मी निर्धास्त घरी गेलो, आणि सकाळपर्यंत रांगेतले प्रत्येक काम काही सेकंदांत अपयशी होऊन बाहेर पडले होते. चाळीसही मशिनांची घड्याळे सहा दिवस मागे होती. पुढील तयारी त्या सकाळनंतर लिहून काढली असल्याने तिच्यात घड्याळ पुन्हा पुन्हा येईल.

सर्वप्रथम, व्हर्च्युअल मशीन खरोखर लागणार आहे का, हे ठरवावे. केवळ जुन्या लायब्ररी हव्या असतील तर कंटेनर, म्हणजे होस्टचाच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरणारे हलके वेष्टन, पुरतो. सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाचा आधार ३० जून २०२४ रोजी संपल्यानंतर अनेकांनी जुनी सॉफ्टवेअर अशीच कंटेनरमध्ये हलवली. कर्नल वेगळा हवा असेल, किंवा यंत्रे दुसऱ्याच्या मालकीची असून त्यांच्यात आणि आपल्या कामांत भक्कम भिंत हवी असेल, तरच पूर्ण मशीनचा खटाटोप करावा.

इमेज, म्हणजे ज्यावरून मशीन उभे राहते ती साचा-फाइल, लहान ठेवावी. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सर्नव्हीएमच्या जुन्या आवृत्त्यांत बूट होण्यापुरती इमेज सुमारे २० एमबीची असे आणि बाकीची प्रणाली लागेल तशी सीव्हीएमएफएसवरून (नेटवर्कवरून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या फाइल-प्रणालीवरून) येई. तेवढे साधले नाही तरी तत्त्व तेच पाळावे. पासवर्ड, टोकन किंवा होस्ट सर्टिफिकेट इमेजमध्ये कदापि ठेवू नये, ते मशीन सुरू होताना क्लाउड-इनिट या मांडणी करणाऱ्या साधनामार्फत द्यावे. मशीन-आयडी रिकामा करावा आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट की पुसाव्यात, नाहीतर सगळ्या प्रती एकाच ओळखीने वावरतात.

आता घड्याळ. क्रोनी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ लावणारे सॉफ्टवेअर, बसवलेले आहे एवढ्यावर समाधान मानू नये. माझ्याकडेही ते बसवलेले होते आणि चालूही होते. बहुतेक वितरणांतील त्याच्या तयार मांडणीत घड्याळ एकदम पुढे ढकलण्याची मुभा सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांपुरतीच असते. साठवलेले मशीन पुन्हा उठते तेव्हा त्याच्या लेखी ते नव्याने सुरू झालेलेच नसते, त्या तीन संधी केव्हाच खर्च झालेल्या असतात, आणि मग क्रोनी घड्याळ हळूहळू सरकवू लागते. तो वेग जास्तीत जास्त एका सेकंदाच्या फरकासाठी बारा सेकंद इतकाच असल्याने सहा दिवसांचा फरक भरून निघायला बहात्तर दिवस लागले असते. म्हणून त्याच्या मांडणीच्या फाइलमधील मेकस्टेपच्या ओळीतील तीन हा आकडा उणे एक करावा, म्हणजे मोठा फरक केव्हाही आढळला तरी घड्याळ तात्काळ लागते. वेळ आणण्यासाठी लागणारे, बाहेर जाणारे यूडीपी १२३ पोर्ट उघडे आहे का, हे स्वतः पाहावे, नेटवर्क विभागाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. व्हर्च्युअल मशिने लिनक्सच्या केव्हीएमवर चालत असतील तर होस्टचे (ज्यावर ती चालतात त्या खऱ्या यंत्राचे) घड्याळ नेटवर्कशिवाय थेट वाचण्याची सोय पीटीपी उपकरणाच्या रूपाने मिळते, ती वापरावी; मात्र मग होस्टचे घड्याळही तपासावे.

ओळखपत्रांचेही सगळे गणित वेळेवरच चालते. नेहमीच्या प्रॉक्सी सर्टिफिकेटची (कामासोबत जाणाऱ्या, वापरकर्त्याच्या अल्पमुदतीच्या ओळखपत्राची) मुदत बारा तासांची असते, आणि ज्या मशीनच्या मते अजून मागचा आठवडा चालू आहे त्याला आज सकाळी काढलेली प्रॉक्सी ‘अद्याप वैध नाही’ असे दिसते. तो संदेश वाचून मी दोन तास सर्टिफिकेटच तपासत बसलो होतो. नव्या टोकनांनी यातून सुटका होईल असे समजू नये, त्यांवरही आरंभाची आणि अंताची वेळ असते व मुदत बहुधा आणखी आखूड असते. रद्द केलेल्या सर्टिफिकेटांच्या याद्या इमेजमध्ये शिळ्या होतात, तेव्हा त्या सुरू होतानाच ताज्या करून घ्याव्यात.

सीव्हीएमएफएससाठी जवळचा स्क्विड प्रॉक्सी, म्हणजे एकदा आणलेल्या फाइली जवळ साठवून सगळ्यांना देणारा मधला सर्व्हर, लागतोच. चाळीस मशिनांनी थेट बाहेरच्या सर्व्हरवर तुटून पडणे हे असभ्यपणाचे आहे. कॅशसाठी डिस्क वेगळी राखावी. सीव्हीएमएफएसच्या भांडारांच्या डिजिटल सह्यांनाही मुदत असते, त्यामुळे चुकलेले घड्याळ इथेही आडवे येऊ शकते.

मशिने नॅटच्या मागे (बाहेरून थेट न पोहोचता येणाऱ्या खासगी पत्त्यांवर) असतील तर एचटीकॉन्डर या कामे वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीसीबी ही जोडणी जुळवणारी सोय चालू करावी, म्हणजे आत येणारी जोडणी लागत नाही. सर्नच्या जागतिक ग्रिडमध्ये, ज्यात मुंबईच्या टीआयएफआरमधील (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील) सीएमएस या कणभौतिकी प्रयोगाचे केंद्रही आहे, आठ कोअर आणि प्रत्येक कोअरमागे २ जीबी मेमरी हे रूढ माप आहे, तेच धरावे. होस्टवर आहे त्यापेक्षा जास्त मेमरी मशिनांना वाटून देऊ नये. कोअर होस्टच्या न्यूमा रचनेनुसार (कोणती मेमरी कोणत्या कोअरजवळ आहे त्यानुसार) बांधावेत.

चाचणीसाठी एकच मशीन जोडावे, चाळीस नव्हेत. ते साठवून थांबवावे, निदान एक दिवस तसेच ठेवावे, मग उठवून त्यावर ग्रिडच्या साठवणीतील फाइल आणणारे खरे काम चालवावे. नुसते ‘हॅलो’ छापणारे काम माझ्या बिघडलेल्या मशिनांवरही उत्तम चालले होते. काम घेण्यापूर्वी घड्याळ, प्रॉक्सी सर्टिफिकेट व सीव्हीएमएफएस तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावावी आणि ती नापास झाल्यास मशीनने काम स्वीकारूच नये. अन्यथा ते ब्लॅकहोल होते: काम लगेच पडते, मशीन लगेच मोकळे होते, लगेच पुढचे काम ओढते, आणि असे करत निरोगी मशिनांच्या वाट्याची रांगही तेच गिळून टाकते.

सुरू केल्यावर पहिला तासभर लॉगसमोर बसावे. मग टप्प्याटप्प्याने संख्या वाढवावी. देखरेख, सूचना वगैरे नेहमीप्रमाणे.

बंद करताना नवी कामे थांबवावीत, चालू कामे संपू द्यावीत, लॉग बाहेर काढावेत आणि मशीन पुसून टाकावे. शक्यतो साठवून ठेवूच नये, नव्याने उभारावे. ठेवावेच लागले तर उठवल्यावर, पूलला जोडण्याआधी, प्रत्येक मशीनवर तारीख छापून ती भिंतीवरच्या घड्याळाशी आणि दिनदर्शिकेशी ताडून पाहावी.