जर्मनीतले आकडे: मध्ये इंग्रजी आणू नका

नवीन आलेला माणूस आनमेल्डुंग (राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक खातं आणि सिमकार्ड यांच्या मागे धावत असतो. ते करावंच लागतं. पण रोजचा गोंधळ होतो तो आकड्यांत, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही.

घराच्या जाहिरातीत भाडं '१.२०० €' दिसलं तर ते बाराशे युरो. इथे टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी. म्हणून कॉफी '३,५० €'. ऑफिसातल्या जर्मन एक्सेलमध्ये सवयीनं १२.५ टाईप केलंत तर तो त्याची तारीख करून टाकतो, १२ मे. बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवताना 'ओके' दाबण्याआधी रक्कम पुन्हा वाचा. डिपॉझिटची रक्कम मोठी असते, तिथे तर नक्कीच. (डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. घरमालक हे आपणहून सांगेलच असं नाही.)

युरोचं चिन्ह आकड्यामागे का? पाच किलो लिहिताना आपण 'किलो ५' लिहीत नाही. जर्मन माणूस युरोलाही असंच एक माप समजून मागे ठेवतो. आपण बोलतो 'पन्नास रुपये' आणि लिहितो '₹ ५०'. हे चिन्ह २०१० मध्ये आलं, पण त्याआधीचं 'रु.'सुद्धा पुढेच असायचं. हिशेबाच्या दृष्टीनं ते सोयीचं: पुढे चिन्ह आणि मागे '/-' असलं की मध्ये कुणाला आकडा घुसवता येत नाही. आपल्या '/-' चा भाऊबंद इथेही भेटेल. दुकानात '५,–' लिहिलेलं असतं, म्हणजे पाच युरो, वर सेंट नाहीत. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र तेच € आकड्याच्या आधी, ऑस्ट्रियातही बऱ्याचदा तसंच. नाणं एक, लिहिण्याच्या रीती अनेक. बोलताना तर चिन्ह मधोमध येतं: 'त्स्व्योल्फ ऑयरो फ्युन्फत्सिग', बारा युरो पन्नास.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजीतून जर्मन शिकणारे त्रेचाळीसला अडखळतात, कारण जर्मनमध्ये 'तीन आणि चाळीस' म्हणतात, 'द्राय-उन्ट-फीर्त्सिग'. आपण लहानपणापासून त्रेचाळीसच म्हणत आलोय. तेव्हा इंग्रजीतला आकडा मध्ये आणू नका, मराठीतून थेट जर्मनमध्ये जा. अडचण फक्त फोन नंबर लिहून घेताना येते. बरेच जण दोन-दोन आकड्यांच्या जोड्या सांगतात. तीन ऐकल्याबरोबर तीन लिहू नका, जोडी पूर्ण होऊ द्या. आणि समोरच्यानं कागदावर लिहून दिलं, तर त्याचा एक (1) आपण लिहितो त्या इंग्रजी सातासारखा (7) दिसतो. खऱ्या साताच्या पोटात आडवी रेघ असते.

घड्याळाचंही तसंच. 'हाल्प द्राय' (शब्दशः 'अर्धे तीन') म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. डॉक्टरची वेळ फोनवर घेताना 'फियर्त्सेन ऊअर द्रायसिष', म्हणजे १४.३०, असं उलट विचारून घ्या.

वाक्याच्या बाबतीतही मराठी कामाला येते. 'वाइल इष क्रांक बिन' शब्दाला शब्द लावून पाहा: कारण मी आजारी आहे. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं, ते पाठच करावं लागतं. 'दास ब्राउखेन झी निश्त', म्हणजे ते तुम्हाला लागत नाही. यातला 'निश्त' आपल्या 'नाही'सारखा शेवटी येतो, म्हणून सरकारी कचेरीत खिडकीपलीकडची बाई बोलत असताना मध्येच 'या, या' (हो, हो) म्हणत कागद काढायला लागू नका.

पत्त्याचा क्रम आधी रस्ता, मग घर नंबर. आधी पिनकोड, मग शहर. फ्लॅटला बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो, पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव पाहून पत्र टाकतो. पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात तुमच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असेल तर इथल्या कागदांवर ती दोन्ही तुमचीच नावं होतात. त्यानं फारसं बिघडत नाही. पेटीवर आडनाव मात्र पहिल्याच दिवशी चिकटवा, कारण टॅक्स नंबर पोस्टानंच येतो आणि बँकेचा पिनही बऱ्याचदा.