पाणीसाठ्यावर मुलाखत घ्यायची तर

ऑलिव्हिया ओ'लिअरी हे आयर्लंडमधल्या चालू घडामोडींच्या कार्यक्रमांतलं मोठं नाव. त्यांची सुरुवात तिथल्याच कार्लो परगण्यातल्या स्थानिक साप्ताहिकात झाली. आरटीई (तिथली सरकारी प्रसारण संस्था), आयरिश टाइम्स, बीबीसीचा न्यूजनाइट हे सगळं नंतरचं. आपल्याकडे मोबाइलवर मुलाखती घेणाऱ्यांनीही सुरुवात जवळच्या धरणापासूनच करावी.

समजा विषय जायकवाडीचा आहे. पैठणला निघण्याआधी तीन आकडे वहीत लिहा: एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला मृतसाठा, म्हणजे तळाचं न वापरता येणारं पाणी, ७३८, उपयुक्त २१७१. पाहुणे टीएमसीत (अब्ज घनफुटांत) बोलले तर १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. आता ते म्हणाले, "धरणात ४० टक्के पाणी आहे." लगेच विचारा, "उपयुक्त साठ्याच्या ४० की एकूण साठ्याच्या?" उपयुक्तच्या असतील तर हाताशी ८६८ दलघमी. एकूणच्या असतील तर ११६४, पण त्यातून मृतसाठा वजा करा, उरतात ४२६. म्हणजे निम्म्याहून कमी. हा उपप्रश्न राहिला की बाकीची मुलाखत चांगली होऊनही फुकट.

१२ मिनिटांना ६ प्रश्न पुरे. "काय सांगाल साहेब?" हा प्रश्न नव्हे, भाषणाचं आमंत्रण आहे. "आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) कधी सुटणार?" असं नेमकं विचारा. एका दमात दोन प्रश्न विचारले तर पाहुणे सोप्याचंच उत्तर देतात. बोलणं २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेकडे वळलं तर अर्धा मिनिट बोलू द्या, मग आवर्तनावर परत आणा. मध्येमध्ये "हो हो, बरोबर" म्हणू नका. ऐकणाऱ्याला ती तुमची संमती वाटते, आणि दोन आवाज एकमेकांवर चढले की कापताही येत नाही. नुसती मान हलवा.

कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, उपरण्याच्या बाहेर. आत राहिला तर नुसती घासाघास ऐकू येते. धरणाच्या भिंतीवर वारा असतो, माइकला केसाळ टोपी हवीच. रेकॉर्डिंगची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकली की आवाज फाटतो, तो नंतर सांधता येत नाही. फोन फ्लाइट मोडवर. निघण्याआधी कुणीही न बोलता ३० सेकंद तिथला आवाज भरून घ्या, जोडकामाला लागतो.

कम्युनिटी रेडिओवर लावणार असाल तर स्वतःच्या बातम्या चालत नाहीत; पाणीपुरवठा, हवामान अशी स्थानिक माहिती चालते. (बंधनं आयर्लंडमध्येही होती: तिथल्या प्रसारण कायद्याच्या कलम ३१ खालच्या आदेशामुळे १९९४ पर्यंत आरटीईला सिन फेन या पक्षाच्या प्रवक्त्यांच्या मुलाखती लावता येत नव्हत्या.)

एडिटिंगला बसल्यावर वेळ कमी करायला "उपयुक्त साठ्याच्या" हे दोन शब्द तेवढे कापू नका.