सीएफवाल्या पोरांचा नेब्युलायझर आणि फिजिओ: आधी काय, मग काय

पोरगी 9 वर्षांची आहे आमची. सीएफ आहे तिला, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस, छातीतला कफ घट्ट होऊन बसणारा जन्मजात आजार, घामाच्या टेस्टमध्ये क्लोराइड 60 च्या वर आलं तेव्हा कळलं. सुरुवातीचे दोन महिने आम्ही सगळी औषधं न चुकता दिली अन् सगळी उलट्या क्रमाने दिली, आधी अँटिबायोटिक, मग सलाइन, मग पाठ थापटणं, कारण कागदावर नावं तशी होती अन् क्रम कोणी सांगितलाच नाही. म्हणजे महागाचं औषध जाऊन बसायचं घट्ट कफावर, अन् दहा मिनिटांनी त्या कफासोबत बेसिनमध्ये. म्हणून हे लिहून राहिलो. डोस तुमचे डॉक्टर सांगतील तोच, मी फक्त आमच्या घरी कसं चालते ते सांगतो.

पहिले श्वासनळ्या मोकळ्या करणारं, सॅल्ब्युटामॉलचे पफ, स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावून. मग 10-15 मिनिटं थांबायचं, तेवढ्यात दप्तर भरून होते. मग नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या मशीनने, हायपरटॉनिक सलाइन, ते ड्रिपवालं 0.9 टक्क्यांचं नाही बरं का, 3 किंवा 7 टक्क्यांचं, त्यातलं मीठ पाणी ओढून घेते अन् डिंकासारखा कफ सुटायला लागते. याने खोकला येतोच, येऊ द्या. पण छाती आवळली किंवा शिट्टी वाजायला लागली तर बंद करा, अन् याच्यासाठीच पहिला डोस दवाखान्यात डॉक्टरसमोर घ्यायचा असते. मग फिजिओ, म्हणजे कफ बाहेर काढायला पाठ थापटणं अन् श्वासाचे व्यायाम. अन् कफ निघून गेल्यावर सगळ्यात शेवटी अँटिबायोटिक. आमचं टोब्रामायसिन 28 दिवस चालू, 28 दिवस बंद असते, कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवतो नाहीतर हमखास गोंधळ होते. डॉर्नेज अल्फा (कफ पातळ करणारं औषध) असेल तर ते फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला, दुसऱ्या कोणत्याच औषधात मिसळायचं नाही, त्याची वेळ डॉक्टरला विचारून घ्या.

हे सगळं खाण्याच्या आधी, नाहीतर खाऊन दीड-दोन तास झाल्यावर. एका रविवारी तर्री-पोह्यांवर लगेच बसवलं होतं, पुढचं सांगत नाही.

नेब्युलायझर घेताना ताठ बसवा, माउथपीस दातांमध्ये अन् ओठ बंद. मास्क असेल तर चेहऱ्याला चिकटून पाहिजे. रडणाऱ्या पोराच्या तोंडासमोर नुसता धूर धरून ठेवला तर औषध खोलीला मिळते, पोराला नाही.

आता फिजिओ. पाठ थापटायची तर पंजा ओंजळीसारखा करा, आवाज पोकळ आला पाहिजे, ठप ठप, चापट मारल्यासारखा चट नाही. अंगात पातळ बनियन असू द्या, अन् कणा, पोट, कमरेजवळची किडनीची जागा सोडून थापटा. तान्ह्या बाळाला डोकं खाली करून तर थापटूच नका, दूध वर येते, पोझिशन फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या. पण पोरगं जरा मोठं झालं की त्याच्याकडून करून घेण्यात जास्त फायदा आहे असं माझं मत. आधी थोडा वेळ शांत श्वास, खांदे ढिले. मग 3-4 मोठे श्वास, आत घेऊन दोन-तीन सेकंद धरायचा अन् मग सोडायचा. परत शांत. मग हफ. हफ म्हणजे खोकला नाही, चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तोंड उघडून हाऽऽ करतो ना, तेच, फक्त पोटातून जोर लावून. आमची पोरगी आजीच्या चष्म्यावरच शिकली, काच धुरकट झाली की जमलं. कफ वर आला की थुंकायला लावा, रंग बघा, रक्त दिसलं तर सगळं थांबवून डॉक्टरला फोन.

लहान पोरांसाठी बुडबुड्यांची बाटली भारी आहे, बाटलीत 10 सेंटीमीटर पाणी अन् त्यात नळी, फुंकायला जोर लागते अन् त्या दाबाने बारक्या नळ्या उघड्या राहतात. फिजिओथेरपिस्टकडूनच बनवून घ्या, अन् पाणी रोज फेका. वाफारा घेतला तर चालते का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. नाही चालत, हे औषध वाफाऱ्यात नसते अन् पोरगं भाजते ते वेगळंच.

धुण्याचा कंटाळा करू नका. प्रत्येक वेळी कप अन् माउथपीस साबणाने धुवायचं, मग 5 मिनिटं उकळायचं (कंपनीच्या कागदावर उकळायला चालते लिहिलं असेल तरच), अन् स्वच्छ कपड्यावर आपोआप सुकू द्यायचं. स्यूडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यातच वाढते. अन् इथेच आपल्या नागपूरवाल्यांची पंचाईत, मे महिन्यात 45 डिग्री अन् घरोघरी कूलर, टाकीत साचलेलं पाणी अन् ओल्या ताट्या. आम्ही तिच्या खोलीतला कूलर काढला, पंखा अन् जमेल तेवढा एसी. घामातून मीठही या पोरांचं फार जाते, पाणी कमी पडलं की कफ अजून घट्ट, म्हणून उन्हाळ्यात मीठ किती वाढवायचं ते मार्चमध्येच विचारून ठेवा.

अन् दुसऱ्या सीएफवाल्या घराशी ओळख झाली तर फोनवर मनसोक्त बोला, पण पोरांना एकत्र खेळवू नका, एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात, निदान 2 मीटर अंतर पाहिजे. ओपीडीच्या बाकावर पण.