मूलभूत हक्क डावलला गेल्यास दाद कशी मागावी

सरकारी कार्यालयात अन्याय झाला असे वाटणे वेगळे आणि भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या भागातला मूलभूत हक्क डावलला गेला हे दाखवून देणे वेगळे. या दोहोंमधले अंतर कागदांनी भरून काढावे लागते आणि बहुतेक प्रकरणे न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी तिथेच अडकतात. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका नगरपरिषदेचे सभागृह ठरलेले भाडे भरणाऱ्या मंडळांना दिले जाते. तुमच्या वाचक मंडळाने महिनाभर आधी मागणी केली, त्या दिवशी सभागृह रिकामे होते, तरीही ‘देता येणार नाही’ एवढेच तोंडी सांगून तुम्हाला परत पाठवण्यात आले.

सर्वप्रथम, नकार देणारा कोण आहे ते निश्चित करावे. मूलभूत हक्क प्रामुख्याने ‘राज्या’विरुद्ध बजावता येतात आणि अनुच्छेद १२ नुसार या शब्दात केंद्र व राज्य सरकारे, संसद, विधिमंडळे यांबरोबरच स्थानिक व इतर प्राधिकरणेही येतात. नगरपरिषद त्यात निःसंशय बसते. हेच सभागृह एखाद्या खासगी मालकाचे असते, तर हा मार्ग सहसा बंद झाला असता. ‘सहसा’ म्हणण्याचे कारण असे की, अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७, वेठबिगारीला मनाई करणारा अनुच्छेद २३, तसेच दुकाने, उपाहारगृहे व सार्वजनिक विहिरींच्या वापरात धर्म, जात, लिंग इत्यादी कारणांवरून आडकाठी करू न देणारा अनुच्छेद १५(२) हे खासगी व्यक्तींनाही बांधतात.

यानंतर नेमका कोणता अनुच्छेद लागू होतो ते ठरवावे, आणि इथे घाई करू नये. आपल्या उदाहरणात बहुतेकांना आधी अनुच्छेद १९ आठवेल, कारण भाषणाचे आणि शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य त्यात आहे. पण त्या आधाराला दोन अडचणी आहेत. हा अनुच्छेद फक्त नागरिकांसाठी आहे आणि नोंदणीकृत संस्था म्हणजे नागरिक नव्हे, त्यामुळे एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने सोबत उभे राहावे लागते. शिवाय एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यात अमुकच सरकारी वास्तू मिळण्याचा हक्क आपोआप येत नाही. माझ्या मते इथे अनुच्छेद १४ अधिक भक्कम ठरतो. तो ‘कोणत्याही व्यक्तीला’ कायद्यापुढे समानता देतो आणि इतरांना मिळणारी गोष्ट कारण न देता एकालाच नाकारणे म्हणजे मनमानी, हे त्याच्या आधारे मांडता येते. मात्र या अनुच्छेदाचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी. दुसऱ्याला एखादी सवलत नियम मोडून मिळाली असेल, तर ‘तशीच मलाही द्या’ असे म्हणता येत नाही. समानता मागायची ती नियमाने मिळणाऱ्या गोष्टीचीच.

काही मागण्या वरवर मूलभूत हक्कांसारख्या दिसतात, पण तशा नसतात. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तिसऱ्या भागातून वगळला गेला आणि आता तो अनुच्छेद ३०० अ खाली केवळ घटनात्मक हक्क आहे. चौथ्या भागातली मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावता येत नाहीत, हे अनुच्छेद ३७ मध्येच लिहिलेले आहे.

आता कागदांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा लागतो. तोंडी नकाराला आव्हान देणे फार कठीण असते, म्हणून पुन्हा लेखी अर्ज द्यावा. त्यात तारीख, मागणी, भाडे भरण्याची तयारी आणि ‘नकार द्यायचा असल्यास कारणांसह लेखी कळवावे’ ही विनंती असावी. अर्ज आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा.

त्याच सुमारास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दुसरा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘आम्हाला सभागृह का दिले नाही?’ असे विचारू नये. या कायद्याने अस्तित्वात असलेला अभिलेख मिळतो, खुलासा मागण्यासाठी तो नाही. सभागृह वाटपाच्या नियमांची प्रत, मागील एका वर्षाच्या आरक्षणाच्या नोंदी आणि आपल्या अर्जावरील कार्यालयीन टिपण्या मागाव्यात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे आणि प्रश्न एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. आरक्षणाच्या नोंदीत त्या दिवसापुढे रकाना कोरा दिसला, तर त्या एका पानाचे वजन दहा निवेदनांपेक्षा जास्त असते.

कागद हाती आले की दाद कुठे मागायची ते ठरवावे. कायद्यातच वरिष्ठांकडे अपील किंवा तक्रारीची सोय असेल, तर आधी तिथे जावे. मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाची (उदाहरणार्थ, बाजू ऐकून न घेताच निर्णय देण्यासारखी) पायमल्ली किंवा अधिकारकक्षेबाहेरचा आदेश असेल, तर पर्यायी मार्ग असूनही उच्च न्यायालय याचिका ऐकू शकते, परंतु तसे करायचे की नाही हे न्यायालय ठरवते. मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र प्रकार घडल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते आणि आयोगाचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचा असतो.

रिट याचिकेसाठी, म्हणजे हक्क बजावण्यासाठी न्यायालयाचा आदेश मागणाऱ्या याचिकेसाठी, अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय असे दोन दरवाजे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पहिल्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते, तरी सामान्य प्रकरणात दुसराच सोयीचा पडतो, कारण उच्च न्यायालय मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही आदेश देऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर, छत्रपती संभाजीनगर व गोवा येथे आहेत, तसेच कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. सभागृहाच्या प्रकरणात नकाराचा आदेश रद्द करण्यासाठी प्राकर्षण (सर्शिओरारी) आणि अर्जावर नियमानुसार निर्णय घ्यायला लावण्यासाठी परमादेश (मँडॅमस) या प्रकारचा रिट आदेश मागितला जाईल.

याचिकेत घटना तारीखवार मांडाव्यात, प्रत्येक विधानाला कागद जोडावा आणि आपल्याला गैरसोयीची गोष्टही लपवू नये, कारण माहिती दडवल्याचे उघड झाले तर तेवढ्यावरूनही याचिका फेटाळली जाऊ शकते. उशीर झाला असल्यास त्याचे कारण द्यावे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने मराठी कागदांच्या भाषांतराचा वेळ आधीच धरून ठेवावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते.

हा सगळा क्रम एका प्रसंगी बाजूला ठेवावा लागतो, तो म्हणजे अटकेच्या वेळी. अटकेची कारणे कळवणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून ताब्यात ठेवण्याचे, नियम मात्र वेगळे आहेत. अटकेनंतर या गोष्टी पाळल्या न गेल्यास माहिती अधिकाराची वाट न पाहता नातेवाईक किंवा मित्रानेही बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे ताब्यातील व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी, याचिका दाखल करावी. अशा प्रकरणात नुकसानभरपाईची मागणीही करावी. निर्दोष ठरल्यानंतरही १४ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्या बिहारमधील एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये अनुच्छेद ३२ खालच्या याचिकेतच अंतरिम भरपाई देवविली आणि उरलेल्या नुकसानीसाठी दिवाणी दावा करण्याची त्याची मुभाही कायम ठेवली.