घटस्फोटानंतर डोक्यावर कर्ज आहे? धीर कुठून आणायचा, पायरीपायरीने

घटस्फोट झाला की लोक धीर द्यायला येतात, खरंच मनापासून येतात, पण त्यातल्या बहुतेकांना हे माहीतच नसतं की तुमच्यावर ५ लाखांचं पर्सनल लोन आहे, क्रेडिट कार्डावर ८० हजार थकलेत आणि फ्लॅटच्या हप्त्यावर अजून दोघांची नावं आहेत. म्हणून "होईल गं सगळं नीट" ऐकून दोन मिनिटं बरं वाटतं आणि ५ तारखेला ईएमआय बाउन्स झाला की ते सगळं उडून जातं. माझं मत पक्कं आहे, ज्याला तुमचा आकडा माहीत आहे त्याचाच धीर टिकतो. खालचं सगळं बायका डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण कर्जाचा भाग पुरुषांनाही तसाच लागू आहे.

पायरी १ : आकडा काढा आणि एका माणसाला सांगा

साधी वही घ्या. कोणाचं कर्ज, बाकी किती, हप्ता किती, व्याज किती, कागदावर नाव कोणाचं, एवढं प्रत्येक कर्जासमोर लिहा. भावाकडून घेतलेले, मैत्रिणीचे, सोनाराकडे गहाण ठेवलेलं, किराणावाल्याची उधारी, सगळं. मग सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढा, कारण लग्नाच्या काळात कुठे कुठे सह्या केल्यात हे आपल्यालाच आठवत नाही, कधी सहकर्जदार म्हणून तर कधी जामीनदार म्हणून. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा ही नोंद ठेवणाऱ्या ४ कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यामुळे पैसे मागणाऱ्या साइटवर जायची गरज नाही.

बेरीज केली की पोटात गोळा येणार, येऊ दे. त्याच आठवड्यात ही बेरीज एका माणसाला सांगा. माणूस नीट निवडा, आणि शक्यतो तुम्हाला पैसे देऊ शकेल असा नको, कारण मग बोलणं आपोआप मागण्याकडे जातं आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. ऑफिसमधली सिनियर ताई चालेल, शाळेतली मैत्रीण चालेल, मामेभाऊ चालेल. "तेव्हाच ऐकलं असतंस तर" म्हणणारी मावशी कितीही प्रेमळ असली तरी या कामाला नको. आणि स्पष्ट सांगा, "मला पैसे नकोत, दर महिन्याच्या १० तारखेला फक्त विचार, या महिन्यात किती कमी झालं." एवढं एक वाक्य बोलायला सगळ्यात जास्त हिंमत लागते, पण ते बोललं की पुढच्या पायऱ्या हलक्या होतात असं मी ओळखीतल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलंय.

पायरी २ : जॉइंट लोनचं काय ते समजून घ्या

इथे लोकांचा फार गोंधळ होतो. कोर्टाच्या हुकूमनाम्यात किंवा आपसातल्या तडजोडीत "होम लोन नवरा फेडेल" असं लिहिलं असलं तरी बँक त्या तडजोडीत नव्हती, तिच्याकडे दोघांच्या सह्या आहेत आणि ती दोघांकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. त्याने हप्ता चुकवला तर तुमचा क्रेडिट स्कोअरही, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण, पडतो. म्हणून बँकेला लेखी अर्ज द्या, हुकूमनाम्याची प्रत जोडा आणि माझं नाव काढा म्हणून सांगा, त्याच्या एकट्याच्या पगारावर लोन बसत असेल तर बँक विचार करते, नाहीतर फ्लॅट विकून लोन बंद करणं हा रस्ता उरतो आणि तो वाटतो तितका वाईट नसतो. तोपर्यंत सहकर्जदार म्हणून लोनचं स्टेटमेंट मागत राहा, हप्ता गेला की नाही हे दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

पायरी ३ : फोनची धास्ती संपवा

वसुलीचे फोन माणसाला आतून पोखरतात. वाजला की छातीत धडधड, मग अनोळखी नंबर उचलायचाच नाही, मग त्यात नोकरीसाठी आलेला कॉलही जातो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना नि मैत्रिणींना त्रास द्यायचा नाही. नियम मोडला तर तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फुकट होते, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. लोन अॅपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील तर थेट १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि बँकेला स्वतःहून एकदा फोन करा, "माझी परिस्थिती बदलली आहे, हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का" असं विचारा. मिळेलच असं नाही, पण थकायच्या आधी विचारणाऱ्याचं ऐकलं जायची शक्यता जास्त असते.

पायरी ४ : पहिलं कर्ज लहान निवडा

हिशेबाने बघितलं तर आधी जास्त व्याजाचं फेडायला हवं, आणि क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात. मला हे मान्य आहे, तरीही मी सांगेन की पहिलं कर्ज सगळ्यात लहान घ्या, फ्रिजच्या हप्त्याचे उरलेले ६ हजार असतील तर ते. ती ओळ वहीत खोडली जाते ना, त्याने जे बळ येतं ते व्याजाच्या हिशेबात मावत नाही. त्यानंतर मात्र सरळ कार्डाकडे वळा आणि फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरत राहू नका, त्याने मुद्दल हलत नाही.

पायरी ५ : जे तुमचं आहे ते मागा

पोटगी मागताना बायका अपराध्यासारख्या बसतात, म्हणतात मला त्याचा एक पैसा नको. भावना समजते. पण मुलांची फी तुम्ही एकट्याने कर्ज काढून का भरायची?

बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अटही नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सुप्रीम कोर्टाने ते बंधनकारक केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असंही त्यातच सांगितलं. म्हणजे पायरी १ मधली तुमची वही इथे जशीच्या तशी कामाला येते. पोटगीचा आदेश आहे पण पैसे येत नाहीत असं असेल तर उशीर करू नका, फौजदारी प्रक्रियेतून मिळालेल्या आदेशात वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो. आणि तडजोडीत तुम्ही काय लिहून दिलंय ते वकिलाला सगळ्यात आधी दाखवा.

स्त्रीधन, म्हणजे लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने आणि वस्तू, त्यावर फक्त तुमचा हक्क आहे. सासरी राहिलं असेल तर यादी करा, लग्नातले फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतात. उत्पन्न अगदीच कमी असेल आणि पोटगीही मिळत नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा, त्यात घटस्फोटित महिलांचाही समावेश आहे.

पायरी ६ : माणसं जोडा, खर्चाची लाज सोडा

बचत गट मला यासाठी फार मोलाचा वाटतो. तिथे दर महिन्याला प्रत्येकीचं कर्ज आणि परतफेड सगळ्यांसमोर वाचली जाते, कर्ज असणं ही लपवायची गोष्ट राहत नाही, आणि गेल्या वर्षी रडत आलेली बाई या वर्षी दुसऱ्या बाईला शिलाई मशीनसाठी कर्ज मंजूर करताना दिसते. गावाकडे उमेद या सरकारी अभियानाचे गट आहेत, माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) आहेत, शहरात महापालिकेच्या समाज विकास विभागात विचारा.

आहेराचं सुद्धा बोलायला हवं. नातेवाइकांच्या लग्नात पूर्वीसारखं पैठणी नि चांदीचं निरांजन देणं जमत नसेल तर १०१ रुपयांचं पाकीट द्या आणि पोटभर जेवून या, पण जाणं बंद करू नका, कारण खर्चाच्या भीतीने माणूस आधी लग्नं टाळतो, मग हळदीकुंकू, मग फोन, आणि मग घरात एकटा हिशेब करत बसतो. मुलांनाही वयाप्रमाणे खरं सांगा, "या वर्षी सहलीला नाही, पुढच्या वर्षी बघू" एवढं पुरतं, मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप समजून घेतात.

पायरी ७ : रात्रीसाठी सोय करा

दिवसा माणूस तग धरतो, रात्री ३ ला जाग येते आणि आकडे डोक्यात फिरतात. त्या वेळी वही उघडायची नाही, हा नियमच करा. झोप उडाली असेल, सगळं संपवावं असे विचार येत असतील तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, ही सरकारी सेवा आहे, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या कोणाला तरी उठवा, त्यांची झोप मोडली तर मोडू दे, त्यांना चालेल.

पायरी ८ : कर्ज संपलं की कागद हातात घ्या

शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, लेखी मागा. बँक म्हणाली की थोडे पैसे कमी भरा, सेटलमेंट करू, तर आधी पत्र मागा आणि हे लक्षात असू दे की रिपोर्टवर मग "सेटल्ड" लागतं, "क्लोज्ड" नाही, आणि पुढचं लोन घेताना ते आडवं येतं. अगदीच इलाज नसेल तर जरूर करा, पण माहीत असून करा. महिना-दोन महिन्यांनी रिपोर्ट परत बघा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर त्या क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे, त्यासाठी तक्रारीचा नंबर आणि तारीख वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.